टकळीवर मोजलेली बॅटरी

बसा पाव्हणं, त्या काळ्या दगडावरच बसा. ह्या माळावर त्यो सोडून दुसऱ्या कुठल्या दगडावर रेंज येत न्हाई. गाडीची चेन तुटली तर तुटली, मेकॅनिक यायला ऊन कलणार. च्या ठेवलाय कारभारणीनं. तवर एक गोष्ट सांगतो, खरीखुरी, माझ्याच वाड्यात घडल्याली. पण आधी सांगा, फोनात जीव किती हाय? एवढाच? मग ठेवा त्यो खिशात, उगं बोटं घालू नका त्याच्यात. गोष्ट संपली की मला लागणार हाय. कशाला, ते शेवटाला सांगतो.

तर, लोणंदचा बाजार. म्या चार मेंढरं इकली आन् तसाच दोशीशेठच्या दुकानात शिरलो. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पायतानाला लेंड्या. काचेचं दार, आत गार हवा. शेठ म्हणाला, "मामा, मोबाईलचं दुकान शेजारी."

"मोबाईल नगं. लापटॉप दाव."

"कुणाला?"

"माझ्या लेकीला. मोनालीला. मला काय त्याच्यावर मेंढरं मोजायचीत व्हय?"

आता मोनाचं सांगतो. माझी एकुलती लेक. होस्टेलात राहून पंधरावी झाली. त्या साली रोगराई आली, होस्टेल बंद पडलं, आन् पोरगी पुस्तकांची पिशवी घेऊन वाड्यावर आली. वाडा म्हंजी आमचा असा, पाव्हणं, भिंतीचा न्हाई. पाच-सहा बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, आज ह्या रानात तर उद्या त्या. तिच्या डोक्यात नकाशं करायचं शिकायचं खूळ. पुण्यात एक संस्था हाय तसली. तिथं घ्यायच्या आधी परीक्षा, आन् ती रोगामुळं घरबसल्या द्यायची. कम्प्युटरवर, सलग तीन तास, कॅमेरा चालू ठेवून. मदी बंद पडलं की संपलं, पुन्हा बसू देत न्हाईत.

तिनं ते "घरबसल्या" वाचून दाखवलं तवा बायडा, माझी कारभारीण, चुलीम्होरं पोट धरून हसली. म्हणली, "आवं, ह्यांना सांगा की, आम्ही आठ महिनं बसतच न्हाई!" गावाकडं आमचं एक पत्र्याचं घर हाय, पण त्याला मीटर न्हाई आन् त्या साली गावानं वेशीवर काटं टाकल्यालं. आलेल्याला आत घेत नव्हतं, मग त्यो गावचाच का असंना.

तर शेठनं दोन मशिनी दावल्या. एक करडी, बारकी, मुकाट. आन् दुसरी! काय सांगू. काळीभोर, रुंद छातीची, बटणांखालनं लाल उजेड. चालू केली तर बाजूनं गरम वारं सोडाया लागली, पळून आलेल्या घोड्याच्या नाकपुड्या फुगाव्या तशी. पडद्यावर एक जास्वंद लावलं व्हतं, त्याचं परागसुद्धा मोजून घ्यावं एवढं चोख. म्या उचलून बघितली. वजनदार. जनावर अंगानं भरल्यालं.

शेठ म्हणाला, "मामा, मुलीला घेऊन या एकदा. आणि तुमच्याकडं लाईट असते का? कारण ह्याला—"

"शेठ," म्या म्हणलं, "आमच्याकडं कशाची कमी न्हाई. तू भाव बोल."

आन् सवयीनं म्या उपरण्याचं टोक पुढं धरलं आन् त्याच्या खाली हात घातला. बाजारात आमचा भाव तसाच व्हतो, कापडाखाली बोटं दाबून, चार माणसात बोभाटा न्हाई. शेठ बघतच राह्यला. म्हणाला, "हाताला लागलंय का मामा? पट्टी देऊ?"

शेवटी तोंडानंच भाव झाला. मग म्या कमरंची लोकरीची दोरी सोडली, माझ्या हातानं वळल्याली, आन् त्या खोक्याला बांधली. ह्ये ध्यानात ठेवा, पाव्हणं. जनावर घेतलं की इकणाऱ्याचं दावं सोडायचं आन् आपलं घालायचं. आपलं दावं घातलं की सौदा फिरत न्हाई. जनावर लंगडं निघू दे, मारकं निघू दे, माघारी न्यायचं न्हाई. माझ्या बापानं कवा नेलं न्हाई, म्याबी नेलं न्हाई.

वाड्यावर आलो. मोनानं दोरी सोडली, खोकं उघडलं, आन् तिचं तोंड बघून मला वाटलं आतून साप निघाला.

"आबा, हे गेम खेळायचं आहे."

"मग? तुझी परीक्षा म्हंजी काय पोरखेळ हाय? डोस्कं दमदार पायजे."

"डोकं दमदार आहे, पण ते खातं किती!"

"खाऊ दे की. खाईल तवा चालंल."

ज्या रानात वाडा व्हता तिथल्या गावच्या गिरणीवाल्याच्या हातापाया पडून तिनं मशीन काठोकाठ भरून आणली. मग तार काढून, कॅमेरा चालू करून माझ्याम्होरं ठेवली आन् म्हणली, "आता बघा." म्या मेंढरं पाण्यावर नेली. पाजून माघारी आलो तर मशीन मेल्याली. लाल उजेड गेला, नाकपुड्या गप.

"आजारी हाय काय?"

"आजारी नाही, आबा. ही अशीच आहे. तीन तासाची परीक्षा आहे आणि हिला दोन तास काढायला धाप लागते."

आमच्या घोडीच्या पाठीवर एक बारकं सोलरचं पॅनेल बांधल्यालं असतं. चालता चालता फोन भरतं, बॅटरी भरती. मला वाटलं, त्याला जोडू. मोनानं मशीनचा चार्जर माझ्या हातात दिला. वीट हो, भाजल्याली वीट! म्हणली, "आबा, ह्या पॅनेलवर कोकरू जगेल. ह्याला हत्तीचा चारा लागतो."

तरी पोरीनं हिय्या सोडला न्हाई. चार दिवस त्या मशिनीच्या मागं लागली. उजेड कमी केला. ते लाल दिवं इझवलं. पडद्याचं ठिपकं कमी केलं, म्हंजी चित्र जरा जाडंभरडं दिसतं. डोस्क्याला मंद चालायला लावलं. रोज गिरणीवर जायची, भरायची, आणायची, मारायची. थोडी वाढली, पण तीन तासाला काय टेकंना. जातीचं पळणारं जनावर ते. बांधून घातलं तरी जागच्या जागी नाचणार आन् दाणा मागणार.

पाचव्या दिवशी ती म्हणली, "आबा, परत देऊन या."

"दावं बदललंय."

"आबा, ते दुकान आहे, बाजार नाही."

"मला दोन्हीकडं एकच तोंड हाय."

"मग माझ्या परीक्षेचं काय?"

ती उठली, वाघरीच्या पलीकडं जाऊन उभी राह्यली, पाठ करून. वाघर म्हंजी मेंढरांभोवती लावतो ती जाळी. ती तिकडं, म्या हिकडं, मदी मेंढरं.

बायडा भाकरी थापत व्हती. थापता थापताच म्हणली, "आवं, ते पांढरं घोडं आठवतंय का?"

"त्याचं काय आता?"

"न्हाई, आपलं इचारलं. वरातीत नाचायचं ते. बघितलं आन् भाळलासा. घाट लागला की खाली बसायचं. हरभऱ्याबिगर तोंड उघडायचं न्हाई. तुम्ही ते परत दिलंसा का?"

"न्हाई. बदली केली."

"कशाशी?"

"ह्या घोडीशी."

"मग," म्हणली, "परत देऊ नगा. बदली करा. त्यो नवा सौदा व्हतो, जुना मोडत न्हाई. आन् आता तरी चालवून बघा. घोडी घेताना मैलभर चालवून बघितलीसा. ह्याला पाय न्हाईत म्हणून तसंच उचलून आणलंसा व्हय?"

वाघरीच्या पलीकडनं मोना हसल्याली ऐकू आली. तवाच ठरलं.

दुसऱ्या बाजाराला दुकान उघडायच्या आधी म्या पायरीवर बसल्यालो. बगलंत मशीन, खांद्यावरच्या पिशवीत लोकर आन् टकळी. दोशीशेठ आला, मला बघून कपाळाला हात लावला.

"परत घेणार नाही हं मामा. वापरलेली आहे."

"परत कोण देतंय? बदली करायचीय. वर काय तुझं निघंल ते तू सांग, तुझ्या तोंडाला म्या लागत न्हाई. पण एक अट. आज चालवून बघणार."

"म्हणजे?"

"म्हंजी तारा काढायच्या. समद्यांना एकच काम लावायचं. कोण कवा बसतंय ते म्या हितं बसून बघणार."

"मामा, कागदावर लिहिलेलं असतं ते. किती तास चालते ते."

"शेठ, कागद काय, माझ्या पांढऱ्या घोड्याचा धनी देवाशपथ सांगत व्हता की ते घाट चढतं."

शेठ हसला. माणूस वाईट नव्हता. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी त्यो सांगतच व्हता, म्याच त्याला तोंड उघडू दिलं न्हाई. त्यानं टेबलावर तीन मशिनी मांडल्या. एक माझी काळी. एक ती करडी. आन् तिसरी, करडीची सख्खी भण. डोस्कं तेच, बॅटरी तीच, पण पडदा देखणा. काळीसारखंच जास्वंदीचं पराग मोजावं असा.

म्या त्या तिसरीकडं बोट केलं. "ही म्हंजी मधली वाट. खायला गरीब आन् दिसाया राणी. हीच नेतो बघ."

"नेता का चालवून बघता?"

"चालवून बघतो."

समद्या भरल्या व्हत्याच. त्यानं तिन्हीवर एकच पिच्चर लावला, पुन्हा पुन्हा चालत राहणारा. एक बाई पुरणपोळ्या लाटती. उजेड सारखा केला, तारा काढल्या. म्या खाली फरशीवर बैठक मारली, टकळी काढली आन् सूत काढाया लागलो. मला घड्याळापेक्षा टकळी कळती. हात माझा एका चालीनं चालतो.

गिऱ्हाईक येई, मला ओलांडून आत जाई. एक मास्तर आले, म्हणाले, "काय शेठ, आज पाककलेचा वर्ग का?" एक बाई उभी राहून म्हणली, "कणीक जरा सैल पाहिजे व्हती." तिन्ही पडद्यावर तीच बाई, त्याच पोळ्या. माझी टकळी फिरतीय. काळी मशीन सूं सूं करतीय, नुसत्या पोळ्या लाटायला तिला घाम फुटल्याला.

म्या इचारलं, "शेठ, काम एकच, मग हीच का धापा टाकती?"

त्यानं खुर्ची जवळ ओढली. म्हणाला, "मामा, प्रोसेसर म्हणजे हिचं डोकं. हिचं शर्यतीचं आहे. काम मोठं असलं, गेम असले, सिनेमे जोडायचे असले, तर हिच्यासारखी हीच. पण शर्यतीचं जनावर नुसतं उभं राह्यलं तरी खुराक मागतं. ह्या दोघींचं डोकं बेताचं. हळू करतात, पण थोडक्यात भागवतात."

तो हे सांगतोय तवाच काळी बसली. पोळी अर्धी लाटल्याली, आन् पडदा काळा. म्या सुताला एक गाठ मारली. टकळीवरचं सूत बघितलं. मुठीत मावंल एवढं.

शेठ घरी जेवून आला. बायडानं मला भाकरी बांधून दिल्याली, म्या तिथंच खाल्ली. त्यानं लोणचं आणून दिलं. दोघी भणी पोळ्या लाटतायत. म्या मनाशी म्हणतोय, राणी, टिक. टिक बाई. मोनाला कायतरी देखणं मिळू दे. एकदा पोरीला, तिच्या आयशीला बी न विचारता काळी घेतली आन् फसलो, आता विचारून, चालवून, पण देखणं घेऊ.

ऊन दारातनं बाहेर निघालं आन् राणी बसली. करडी तशीच चालू.

"आता हिचं काय?" म्या इचारलं. "डोस्कं तेच म्हणतोस, बॅटरी तीच म्हणतोस."

"रिझोल्यूशन, मामा. पडदा म्हणजे बारीक बारीक ठिपके. करडीला ठिपके कमी, हिला चौपट. प्रत्येक ठिपका सतत रंगवत राहायचा. शिवाय ठिपके दाट असले की मागून उजेड जास्त सोडावा लागतो, तेव्हा ते डोळ्याला उजळ दिसतं. तुमच्या भाषेत सांगू का? मेंढरं चौपट आणि रान तेवढंच."

हे मला कळलं. एकदम कळलं. रान तेवढंच असलं की किती बी देखणा कळप असू दे, आधी कोण उपाशी पडतं ते आम्हाला सांगाया नगं.

म्या दुसरी गाठ मारली. करडी थांबंना. दुकान बंद करायची येळ झाली. शेठ म्हणाला, "मामा, मला घरी जाऊ द्या. पटली ना?"

"बसली न्हाई अजून."

"मग घेऊन जा तशीच! वाटेत बसेल तेव्हा बसेल."

तशीच घेतली. काळी त्याला दिली, वर त्याचं जेवढं निघतंय म्हणून त्यानं सांगितलं तेवढ्याला म्या कापड पुढं न करता हो म्हणलं. आन् टकळीवरचं ते दिवसभराचं सूत उलगडून त्याचीच दोरी वळली, दोन गाठी तशाच ठिवून, आन् करडीला बांधली. माझं दावं.

यष्टीत मांडीवर उघडी मशीन आन् पोळ्यावाली बाई चालूच. कंडक्टर तिकिटं विसरून उभा. म्हणला, "मामा, कुठला उमेदवार हाय ह्यो, निशाणी लाटणं?" समदी यष्टी हसली. पण म्या झाकण लावलं न्हाई. वाड्यावर पोचलो, मोना चुलीपाशी व्हती. तिच्या हातात दिली तशीच.

"घे. अजून लाटतीय."

तिनं मशीन बघितली. मग दोरी बघितली. पहिल्या गाठीवर बोट ठेवलं, म्या म्हणलं, ही काळी. दुसऱ्या गाठीवर ठेवलं, म्या म्हणलं, ही तिची देखणी भण. मग तिनं राह्यल्यालं सूत शेवटापतूर बोटात धरून नेलं. आन् म्हणली, "आबा, पडदा साधा आहे म्हणून वाईट नका वाटून घेऊ. मला प्रश्न वाचायचेत, फुलं नाही मोजायची."

माझ्या मनातलं तिला कसं कळलं, बिरोबा जाणे.

मग समदं पुन्हा बंद झालं. दुकानं, यष्ट्या, गावं. गिरणीवाला बी आत घेईना, पण आता आमचं काय अडत नव्हतं. करडीला त्या बारक्या पॅनेलवर भरता यायचं. सकाळपासनं घोडी उन्हात चालायची, तिच्या पाठीवर मशीन हळूहळू प्यायची. मोना घोडीच्या संगं चालायची, पाठ करत.

परीक्षेच्या दिवशी आम्ही ह्याच माळावर. ह्याच दगडापाशी, रेंजसाठी. आन् तिथं नवंच लचांड उभं राह्यलं. भर उन्हात पडदा दिसंना! दिसायचा तर उजेड वाढवायचा, आन् उजेड वाढवला की बॅटरी चाललीच. झाड तर ह्या माळावर तुम्हाला दिसतंय का एक तरी?

मोनाच्या डोळ्यात पाणी आलं. पहिल्यांदाच. म्हणली, "आबा, सगळं केलं, आणि हे नाही सुचलं."

बायडा उठली. एक शब्द न बोलता घोडीवरच्या काठ्या सोडल्या, चार रवल्या, आन् वाड्यातली समदी घोंगडी गोळा करून आणली. काळी, जाड, मेंढरांच्या वासाची. चारी बाजूनी टाकली, वर टाकली. आत असा अंधार की हाताला हात दिसंना. मोना आत शिरली आन् तिनं मशीनचा उजेड पार खाली आणला, समईएवढा. आतनं आवाज आला, "आई! लख्ख दिसतंय!"

परीक्षा चालू झाली. म्या बाहेर कान लावून. मशीनीतनं एका बाईचा आवाज, पुण्याचा, कडक.

"खोली दाखवा. कॅमेरा सगळीकडे फिरवा."

"दाखवते मॅडम."

"ही... भिंत काळी का आहे?"

"घोंगडीची आहे."

"दुसऱ्या भिंती?"

"त्या पण घोंगडीच्या."

"छत?"

"तेही."

तेवढ्यात एका मेंढीनं भिंतीतनं तोंड आत घातलं.

"खोलीत दुसरं कोण आहे?"

"मेंढी आहे मॅडम. तिला काही येत नाही."

आतली बाई हसली का काय केलं, मला कळलं न्हाई. पण म्हणली, "तिला बाहेर काढा आणि सुरू करा."

मग पाव्हणं, ते तीन तास! म्या मेंढरं पार लांब नेली, कुत्री राखणीला ठिवली आन् घोंगडीपाशी येऊन बसलो. आत भट्टी झाल्याली. बायडा घोंगडीवर बाहेरनं पाणी मारती, पुन्हा मारती, आत पोरीला गारवा मिळावा म्हणून. ती काळी मशीन असती तर आत पोरगी उकडून निघाली असती. ह्या करडीला नाकपुड्याच न्हाईत, गप आपली चालती.

अर्धी वाट झाली आन् घोंगडीचं टोक हललं. परीक्षेत बोलायचं नसतं, म्हणून तिनं घोंगडीच्या खालनं नुसता फोन बाहेर सरकवला. फोन लाल झाल्याला. इंटरनेट त्याच्यातनंच जात व्हतं, आन् त्यो मरायला टेकल्याला! पॅनेल सकाळपासनं मशीनला लावल्यालं, फोन उपाशीच राह्यला. आता पॅनेल फोनाला लावावं तर पॅनेलाची तार जुनी, सैल, फोनात धरंना. म्या फोन आत सरकवला. मग घोंगडीच्या फटीतनं बघितलं. पोरीनं पिशवीतनं दुसरी तार काढली आन् फोन मशीनलाच जोडला.

म्हंजी काय झालं? करडी आपलंबी भागवणार आन् फोनालाबी पाजणार. मेंढी दुसरीचं कोकरू पाजती तसं. त्याचा हिशोब आम्ही कुणीच धरला नव्हता. म्या बिरोबाला हात जोडलं. टकळी काढली. पहिल्यांदा आयुष्यात सूत तुटलं, दोनदा.

बायडा म्हणली, "बसा गप. चालवून बघितलीया न्हवं?"

"फोनाला पाजत चालवून न्हाई बघितली."

"यष्टीत चाललीच की. वाड्यापतूर चालली."

सावली वळली. घोंगडीतनं बोटांची टकटक. मग टकटक थांबली. मला वाटलं, संपलं, बसली. मग घोंगडी वर झाली आन् मोना बाहेर आली, घामानं निथळल्याली, केसाला लोकर चिकटल्याली. हातात मशीन. पडदा चालू. मंद, पण चालू.

"आबा," म्हणली, "झालं. पाठवलं सगळं. अजून थोडी शिल्लक आहे."

म्या मशीन हातात घेतली. खालनं नुसती कोमट. घोडीच्या मानंवरनं फिरवावा तसा हात फिरवला तिच्यावरनं.

तिची निवड झाली ते समजलं तवा आम्ही निरेच्या पल्याड व्हतो. ती पुण्याला निघाली त्या दिवशी तिनं मशीन पाठीवरच्या पिशवीत घातली. त्या पिशवीला माझी दोन गाठींची दोरी. म्या तिला यष्टीत बसवून आलो, घोडी धरून उभा राह्यलो. बायडा बिऱ्हाड लादत व्हती. माझ्याकडं न बघताच म्हणली, "लांब चालणारं घेऊन दिलंसा तिला. आता ती लांबच चालणार."

दुकानात दिवसभर बसून म्या काय निवडलं, ते मला त्या दिवशी कळलं.

हं, च्या घ्या. गार व्हतोय.

पुण्यात ती नकाशं शिकली, नोकरीला लागली. आन् काल संध्याकाळी तिचा फोन आला. लांब डेहराडूनला तिला बोलावणं आलंय. डोंगरातली कामं, बर्फातली. तिथंबी लाईट न्हाई म्हणली, म्हणून हसली. मग तिनं इचारलं, "आबा, जाऊ का?" म्या म्हणलं, आवाज येत न्हाई. आवाज येत व्हता, पाव्हणं. म्या फोन बंद केला, आन् रात्रीपासनं त्यो बंदच हाय. पॅनेलाला लावला न्हाई. आज तिला त्यांना कळवायचंय.

तर आता तुमचा फोन काढा. उजेड पार खाली करा आधी, तेवढाच जीव वाचंल. नंबर म्या सांगतो, तोंडपाठ हाय. बोलायला मला लावू नका, माझ्यानं व्हणार न्हाई. तुम्हीच तिला एवढं सांगा, आबा म्हणतो, जा.